पथ्य त्यांचं, उरलंसुरलं आपलं

दाजींना हृदयविकाराचा झटका आला त्याला आता चार वर्षं होऊन गेली. माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. थोरली बहीण, आमची अक्का, तिला मात्र सांगलीतच दिलेली. फोन आला तशी मी मिळेल ती एस.टी. धरून निघाले. मिरजेच्या दवाखान्यात दाजींची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले आणि आठवड्याभरात माणूस चालत घरी आला. घरी सोडताना पथ्याचा एक छापील कागद मिळाला होता. अक्काने तो फ्रीजच्या दारावर चिकटवला आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या गॅसवर दोन कढया चढायला लागल्या.

छोटी कढई दाजींची. त्यात चमचाभर तेल, मीठ बेताचं, कूट नाही, खोबरं नाही. मोठी कढई बाकीच्यांची, म्हणजे दोन मुलं, सासूबाई आणि ती स्वतः. त्यात सगळं नेहमीसारखं, कारण वर तवंग दिसल्याशिवाय मुलांना भाजी ही भाजीच वाटत नाही. दाजींचं मोजूनमापून केलेलं, ते कधी उरायचं नाही. उरायचं ते मोठ्या कढईतलं. ते रात्री झाकून ठेवायचं आणि सकाळी अक्काने शिळ्या चपातीबरोबर संपवायचं. मुलाने अर्धा टाकलेला वडा, सासूबाईंच्या उपवासाची राहिलेली खिचडी, पाहुण्यांच्या बशीतलं फरसाण, सगळ्याचा शेवट तिच्याच ताटात. "टाकवत नाही गं," एवढंच तिचं म्हणणं. आपल्यापैकी कितीजणींचं म्हणणं वेगळं आहे?

गेल्या वर्षी श्रावणात तिला जिना चढताना दम लागायला लागला. पाठीत भरून यायचं, जबडा ओढल्यासारखा व्हायचा, दुपारी गळून गेल्यासारखं वाटायचं. "पित्त झालंय," असं म्हणत तिने पित्ताच्या गोळ्यांवर अडीच महिने काढले. शेवटी दिवाळीच्या आधी गणपती पेठेत सामान घ्यायला गेली असताना एका दुकानाच्या पायरीवर बसली ती उठेचना. घाम फुटलेला. पुन्हा मिरज, पुन्हा तीच धावपळ. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती आणि साखर अडीचशेच्या वर. दाजींची साखर दर तीन महिन्यांनी तपासली जायची, तिची कधीच नाही. वय बावन्न.

तिथल्या डॉक्टरीणबाई पथ्य सांगायला बसल्या. दोनच वाक्यं झाली असतील, अक्का म्हणाली, "मॅडम, मला सगळं पाठ आहे. तीन वर्षं मीच करतेय की!" डॉक्टरीणबाई हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. मीही गप्प झाले.

मैत्रिणींनो, हृदयविकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छातीवर हात दाबून धरलेला पुरुष येतो. खरं तर जगभरात बायकांच्या मृत्यूचंही हेच सर्वांत मोठं कारण आहे. पाळी चालू असेतो आपल्याला थोडं नैसर्गिक संरक्षण असतं. पाळी गेल्यावर ते कमी होतं आणि नेमकं त्याच सुमाराला रक्तदाब, साखर, वजन सगळं वाढायला लागतं. झटक्यात बायकांच्याही छातीत दुखतंच, पण पुष्कळदा त्याच्याऐवजी किंवा त्याच्याबरोबर दम लागणं, मळमळ, पाठ-मान-जबडा दुखणं, विचित्र थकवा असं काहीबाही होतं. आपण त्याला पित्त म्हणतो, गॅस म्हणतो, दगदग म्हणतो आणि अंगावर काढतो.

अंगावर काढणं हा शब्द बहुधा बाईसाठीच जन्माला आला असावा. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ब्याण्णव जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. तो विषय गर्भाशयाचा होता, हृदयाचा नव्हे. पण न सांगण्याची सवय तीच.

गंमत म्हणजे हृदयविकारावरचं आपल्या भाषेतलं सर्वांत गाजलेलं पुस्तक त्याच घरातलं आहे. डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, पंचेचाळिशीच्या आसपास, हृदयविकाराचा झटका आला. स्वतः डॉक्टर, गांधीवादी राहणी, व्यसन नाही, तरीही! त्यातून उठल्यावर त्यांनी आहार बदलला, योग-ध्यान धरलं आणि तो सगळा अनुभव 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या नावाने लिहिला. २००० साली ते पुस्तक आलं तेव्हा मी सांगलीत बी.ए. करत होते. वाचनालयात त्याला नंबर लागलेले असायचे. माझ्या वडिलांनी ते दोनदा वाचलं, चालायला सुरुवात केली आणि जेवणातलं तेल-तूप कमी करायला लावलं. आईने निमूटपणे त्यांच्यासाठी वेगळी फोडणी सुरू केली. वेगळी! आता कळतं, अक्काने दोन कढयांची रीत कुठून उचलली ते.

डॉ. बंग यांनी अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांच्या पद्धतीचा आधार घेतला होता. ऑर्निश यांचा प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. अगदी कमी स्निग्धांशाचं शाकाहारी जेवण, व्यायाम, ध्यान, धूम्रपान बंद आणि आपसात मोकळेपणी बोलायला एक गट. एवढ्यावर वर्षभरात बऱ्याचजणांच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे वाढायच्या ऐवजी थोडे कमी झालेले दिसले. गट लहान होता, पथ्य कडक होतं. नंतर २०१३ मध्ये स्पेनमधला एक मोठा अभ्यास आला. त्यात ऑलिव्हचं तेल किंवा अक्रोड-बदाम यांची भर घातलेलं, भाज्या, कडधान्यं, मासे असलेलं जेवण घेणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले. त्या अभ्यासातल्या काही चुकांमुळे २०१८ मध्ये तो दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला, पण निष्कर्ष साधारण तोच राहिला. म्हणजे स्निग्ध पदार्थ सगळेच वैरी नाहीत. कोणते, किती आणि कशाच्या जागी, हा खरा प्रश्न.

हे वाचून मला सर्वांत बरं वाटलं ते शेंगदाण्याच्या कुटासाठी. आपल्याकडे पथ्य म्हटलं की पहिली कुऱ्हाड कुटावर पडते. शेंगदाण्यातली चरबी बहुतांशी चांगल्या प्रकारची, वर प्रथिनं. दोन चमचे कूट भाजीत पडलं तर बिघडत नाही. बिघडतं ते कूट घालून वर पुन्हा पळीभर तेल ओतलं की. एक नक्की, सध्या लाकडी घाण्याच्या तेलाचं फार कौतुक चाललंय. तेल चांगलं असेल, वासही छान येतो, पण ते तेलच आहे. घाण्याचं आहे म्हणून सढळ हाताने घातलं तर हिशोब तोच.

आणि हिशोबच करायचा तर तो स्वयंपाकघरात होतो, प्रयोगशाळेत नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. देशातल्या एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे आहे, असं त्यात म्हटलंय. दिवसाला साधारण दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात तेल-तूप-लोणी सगळं मिळून २७ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम असावीत असं ती संस्था सांगते. आता रोज २७ ग्रॅम कोण मोजत बसणार! म्हणून आमच्या बचत गटाच्या बैठकीत आम्ही उलटं गणित मांडलं. माणशी महिन्याला आठशे ग्रॅम. पाच माणसांच्या घरात चार किलो, तेही तूप धरून. मग विचारलं, कुणाकडे किती लागतं? कोणी सहा म्हणालं, कोणी सात. एक सून हळूच म्हणाली, "आमच्याकडं पंधरा किलोचा डबा दीड महिना पुरत नाही." माणसं किती? सहा. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी सुनेकडे असं पाहिलं की आम्हाला विषय बदलावा लागला.

विषय बदलून मिठावर आलो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक लहान चमचा. आपल्या देशातल्या मोठ्या पाहणीत ते आठ ग्रॅमच्या आसपास निघालं. पुन्हा घरचं गणित करा. पाच माणसं, तीस दिवस, साडेसातशे ग्रॅम. म्हणजे मिठाचा एक किलोचा पुडा महिना ओलांडून गेला पाहिजे. आमच्या बैठकीतल्या एकीकडेही जात नव्हता. आणि यात लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, फरसाण यांतलं मीठ धरलेलंच नाही. ठेच्याशिवाय भाकरी उतरत नाही असा आपला मुलूख. मी ठेचा सोडा म्हणणार नाही, मलाही ते जमणार नाही. पण खलबत्त्यात मीठ टाकताना चिमटीने टाका, लिंबू पिळा, लसूण वाढवा. जेवताना ताटात वरून मीठ घेणं मात्र बंदच करा. सैंधव मीठ चालतं का, हा प्रश्न हमखास येतो. सैंधव हेही मीठच, रक्तदाबाच्या दृष्टीने फरक फारसा नाही. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. ते बऱ्याचजणांना उपयोगी पडतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सांगलीच्या भडंगाबद्दल आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्याबद्दल वाईट बोलून मला दोन्हीकडची दारं बंद करून घ्यायची नाहीत. एवढंच सांगते की चुरमुरे हलके असतात, त्यांच्या अंगाला लागलेलं तेल-मीठ हलकं नसतं. पाहुणे आल्यावर मूठभर खाणं वेगळं आणि रोज दुपारी टीव्हीपुढे पिशवी घेऊन बसणं वेगळं. चहाबरोबरच्या खारी-टोस्टचं तर आपण खाण्यात धरतच नाही! वनस्पती तुपातला जो सर्वांत घातक भाग, ट्रान्स फॅट, त्यावर सरकारने २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली हे फार चांगलं झालं. पण मैदा, साखर आणि तूप जिथल्या तिथेच आहे. आणि घरी तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवून आपणही तेलाची वाटच लावतो. संकष्टीचे वडे तळलेलं तेल शनिवारी भज्यांना, राहिलेलं आठवडाभर फोडणीला, हे कुणाच्या घरी होत नाही?

उपवासांवरून आठवलं. घरातल्या सगळ्यांच्या आयुष्यासाठी उपवास आपण करायचे आणि त्या दिवशी खायचं काय, तर साबुदाणा, बटाटा, तूप. सकाळी चहावर राहायचं, दुपारी तीनला भरपेट खिचडी. साखर असलेल्या बाईला यापेक्षा वाईट दिवस नाही. उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण वरी, राजगिरा, ताक, काकडी, फळं हेही उपवासाला चालतंच की. रताळं उकडून खाल्लं तर देवाची हरकत नसावी.

खरं सांगायचं तर आपल्या आज्यांच्या ताटाला फार काही करावं लागत नाही. शाळवाची भाकरी, पिठात मीठ नाही, तेल नाही, चोथा भरपूर. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, तांदुळजा, चाकवत, अंबाडी, घोळ, ताकाचा पेला. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हा शहरातल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटं आली, आणि इकडे आपल्या मुलांना भाकरी नको, मैद्याचं पाकिटातलं हवं! शाळू महाग झालाय हे खरं, तरी पाकिटांपेक्षा स्वस्तच पडतो. मटणाचा रविवार असलेल्या घरांनी रविवार जरूर पाळावा, पण रश्श्यावरचा कट काढून घ्यावा, चरबीचे तुकडे बाजूला ठेवावेत आणि तांबड्या रश्श्याची वाटी एकच घ्यावी. आमच्या आज्यांचं सगळंच चांगलं होतं असं मात्र नाही. तंबाखू भाजून केलेली मिश्री त्यांचीच देणगी. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या बायका आजही आमच्या गटात आहेत. "दात घासायला लागते," म्हणतात. ती तंबाखूच आहे, आणि तंबाखू हृदयाला कुठल्याही वाटेने नकोच.

आता पथ्यापाण्याने सगळं होतं असं समजून गोळ्या बंद करणाऱ्यांबद्दल. आमच्या ओळखीत एकांनी लसूण-आल्याचा काढा सुरू करून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या परस्पर सोडल्या. स्टेंट बसलेल्या माणसाने असं करणं म्हणजे विस्तवाशी खेळ. जेवण औषधाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. झडपेचं ऑपरेशन होऊन रक्त पातळ करायची विशिष्ट गोळी चालू असेल, तर पालेभाजी एकदम वाढवणं किंवा एकदम बंद करणंही चालत नाही, डॉक्टरांना विचारावं लागतं. आणि बायांनो, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. आशाताई घरी येऊन सांगतात तेव्हा आपण सासऱ्यांना पाठवतो, नवऱ्याला पाठवतो. स्वतः जायला वेळ नसतो. छातीत, पाठीत, जबड्यात असं काही वेगळं वाटून घाम फुटला, तर शेजारणीकडून पित्ताची गोळी आणत बसू नका, १०८ ला फोन लावा.

अक्काच्या घरी मी दवाखान्यानंतर पंधरा दिवस राहिले. पहिल्या दिवशी माझ्याही हातून तीच चूक झाली. दोन कढया काढल्या, फक्त आता छोटीत दोघांचं आणि मोठीत तिघांचं. दाजी दारात उभे राहून बघत होते. ते बोलायला तसे कमीच. म्हणाले, "एकच कर. मला बाधत नाही ते पोरांना काय बाधणार आहे?" सासूबाई कुरकुरल्या, "पोरांनी काय पाप केलंय?" थोरल्याने पहिले आठ दिवस बाहेर वडापाव खाल्ला, हे मला नंतर कळलं. धाकटीने मात्र लिंबू-लसणाची फोडणी कमी तेलात कशी बसते ते माझ्याकडून शिकून घेतलं. महिन्याभराने अक्काचा फोन आला, की जिभेला आता जुनी भाजी खारट लागते. जीभ वळते हो, तिला तीन-चार आठवडे द्यावे लागतात.

उरलेलं संपवायची तिची खोड मात्र अजून गेलेली नाही. आपलं पोट म्हणजे घराचा उकिरडा नव्हे, हे मी तिला शंभरदा सांगितलं असेल. यावर दाजींनीच तोडगा काढला. आता ते दोघं एका वेळी, एका पंगतीला बसतात. आधी ती सगळ्यांचं झाल्यावर तीन वाजता ओट्याशी उभी राहून खायची. आता साडेबाराला ताट वाढून घेते. मुलं कामावरून उशिरा आली तर हाताने वाढून घेतात, आणि आश्चर्य म्हणजे हल्ली उरतही कमी.

गेल्या महिन्यात गेले होते तेव्हा फ्रीजवरचा कागद तोच होता, कडा तेलकट झालेला. वर "दाजी" असं अक्काच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, त्यापुढे कुणीतरी पेनाने "आणि आई" जोडलंय. धाकटीचं अक्षर असावं. शेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तपासणीच्या दोन तारखांना गोल केलेला होता, एक दाजींची, एक अक्काची. अक्काच्या तारखेला नेमकी एकादशी येत होती, म्हणून ती पुढे ढकलावी का, असं ती मला विचारत होती. मी मोबाईल काढला आणि दवाखान्यात फोन लावून तीच तारीख पक्की करून टाकली.